बंद मी होतो, पाय नव्हे

मित्रांनो, मी एक जुना आणि चिडका डॉपलर आहे. शाळेच्या निबंधातली गोड बोलणारी छत्री किंवा खुर्ची हवी असेल, तर दुसरीकडे जा. पायाच्या धमनीवर जेली लावून माझी कांडी टेकवली, की आत वाहणारं रक्त मी सगळ्यांना ऐकवतो: फुस्स, फुस्स, फुस्स. रक्त अडलं असेल तर गप्प बसतो. माझं काम एवढंच, आणि ते मी चोख केलं.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझे काय ते लाड! रक्तवाहिन्यांच्या संशोधन विभागात मला मऊ कापडाने पुसत. बुजलेल्या धमनीत बारीक नळीने फुगा नेऊन ती उघडायची, असा तिथे अभ्यास चालला होता. त्यासाठी पायात थोडं तरी रक्त वाहत असावं लागे, म्हणून कोणाला अभ्यासात घेता येईल, ते आधी मी सांगायचो. मग स्क्रीनवर चित्रं दाखवणारं मोठं यंत्र आलं आणि माझी रवानगी बाहेरच्या तपासणीच्या खोलीत झाली. तिथे माझ्या कांडीवर जेली वाळून खपली धरायची. मी मान टाकेपर्यंत बॅटरी कोणी बदलायचं नाही. या माणसांचा मला मनापासून राग येतो.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. त्यांचं शिलाई मशीन पायाने चालवायचं, त्यामुळे सगळा जीव त्या पायात अडकलेला. सिस्टरनी जेली लावली, माझं बटण दाबलं, आणि मी ढिम्म. बॅटरी संपली होती. तेवढ्यात पडद्यापलीकडे टाइप करत बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं,

"काय हो सिस्टर, उजवा काय म्हणतो?"

"बंद आहे!" असं ओरडून सिस्टर बॅटरी शोधायला निघून गेल्या.

डॉक्टरांनी तेच टाइप केलं. मी आतल्या आत जळफळत होतो, पण मला बोलायलाही बॅटरी लागते. डॉक्टर पडदा सारून आले.

"मावशी, पायाची धमनी पूर्ण बंद आहे. आमच्या अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

मावशी ताडकन उठून बसल्या. "कोण म्हणालं बंद?"

"आत्ताच सिस्टर म्हणाल्या ना!"

"अहो, त्या या डबड्याला म्हणाल्या! माझा पाय अजून तपासलाय कुठे?"

सिस्टर बॅटरी घेऊन आल्या. फुस्स... फुस्स... आवाज बारीक होता, पण होता. मावशी रडायला लागल्या. पुढे त्यांना अभ्यासात घेतलं, धमनी उघडली. अंगठा गेला, पाय राहिला.

आता मला शाबासकी मिळाली असेल, असं वाटतंय? डॉक्टर सिस्टरवर घसरले, सिस्टर माझ्यावर. "या मशीनमुळेच सगळा घोळ झाला," असं ठरलं. पोटावर चिकटपट्टी लावून मला कपाटात कोंबलं. पट्टीवर लिहिलंय, 'बंद'.

म्हणून मित्रांनो, विनवणी वगैरे नाही, सरळ बजावतो. यंत्राची बॅटरी वेळेवर बदला, कांडी पुसून ठेवा, आणि बंद म्हणताना काय बंद, ते सांगा. नाहीतर कोणाचा तरी पाय जाईल.

परवा मावशी दाखवायला आल्या होत्या. कपाटासमोरून दोन्ही पायांनी चालत गेल्या. माझ्या पोटावर मात्र अजून तोच शब्द आहे. निदान त्याच्या आधी 'बॅटरी' एवढं तरी लिहा.