इस्त्रीच्या टेबलातला बगळा

मी झेंडा बोलतोय. बोलतोय कसला, कुजबुजतोय. तुम्हीही जरा दार लोटून घ्या, आणि मोठ्याने वाचायची सवय असेल तर आजच्या दिवस मनात वाचा.

झेंड्याने असं घाबरट बोलणं शोभत नाही, कळतं मला. आम्ही कसं, छाती काढून फडफडायचं. पण मी जुना झेंडा आहे. जुना म्हणजे विटलेला नव्हे हो, रंग अजून बरा आहे माझा. देशाने झेंडा बदलला, आणि एका बुधवारी सकाळी मी झेंड्याचा गुन्हा झालो.

या देशाचा मी दुसरा. माझ्या आधी राजाचा होता. जड मखमल, सोनेरी झालर, वर सिंह. वादळ आल्याशिवाय फडकायचा नाही म्हणे. राजा गेला तसा तो काचेच्या कपाटात जाऊन बसला. लोक रांग लावून बघायला येतात. मग आलो मी. निळं सुती कापड आणि मधोमध पिवळा बगळा, एका पायावर उभा. चित्रकाराला दुसरा पाय जमला नाही, असं आमच्यात बोललं जातं. अर्धा देश त्याला बदकच समजायचा. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. आता तिसरा आलाय: पांढराशुभ्र, त्यावर एकच तिरका लाल पट्टा, मास्तरांनी चुकलेलं गणित खोडावं तसा. हे मी म्हणालो असं कुठे सांगू नका. हात जोडतो. हात नाहीत, पण जोडतो.

मला शिवलं वहिनींनी. सरकारी झेंड्यांच्या कारखान्यात अकरा बायका होत्या, त्यातल्या त्या एक. झेंडा वाऱ्याने फाटतो तो कायम बाहेरच्या, मोकळ्या कोपऱ्यात. म्हणून तो कोपरा मशीनवर घालायचा नाही, प्रत्येकीने हाताने शिवायचा, आपापल्या टाक्याने, असा तिथला नियम. वहिनींचा टाका म्हणजे पाच सरळ आणि सहावा उलटा. अकराही टाक्यांचे नमुने एका वहीत टाचून ठेवले होते. झेंडा फाटून परत आला की मुकादम कोपरा बघायचे, वही बघायचे आणि हाक मारायचे, "हे कार्टं कुणाचं?"

माझा दोरा दाताने तोडताना वहिनी म्हणाल्या, "जा बाबा. आणि मला खाली बघायला लावू नकोस."

मी गेलो तो थेट डोंगरातल्या एका चौकीवर. तिथे मला रोज चढवणारा आणि उतरवणारा शिपाई वहिनींच्या नणंदेचा नवरा निघाला. पहिल्याच संध्याकाळी घडी घालताना त्याने कोपरा चिमटीत धरला आणि हसला. त्याच्या शर्टाचे खिसे याच टाक्याने शिवलेले होते. "अरे, हा आमच्या घरचा आहे," असं त्याने सगळ्या चौकीला सांगितलं. तेव्हापासून मला उतरवताना तो माझ्याशी दोन शब्द बोलायचा. पत्र आलं नाही, मोजे ओले आहेत, असलंच काहीतरी. झेंड्याशी इतकं साधं कुणी बोलत नाही.

मग एक दिवस दरड कोसळली. त्यात तो गेला. त्याच्या शवपेटीवर मला घातलं. मी चौकीचा झेंडा, टेबलक्लॉथएवढा, गुडघ्यापर्यंतच पुरलो. ती लाज मला अजून आहे.

मला त्याच्या बायकोच्या हातात दिलं. वहिनी त्यांना वन्सं म्हणतात, तर मीही तेच म्हणतो. वन्सं जमीन-नोंदणीच्या कचेरीत टायपिस्ट. टाइप करायला लागल्या की गारा पडल्यासारखं वाटतं, पण कापडाशी त्यांचं जन्माचं वैर. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझी घडी घातली, आणि तीही उलटी.

त्या दोघी दोन खोल्यांच्या घरात राहतात. वहिनींचे यजमान, म्हणजे वन्संचे भाऊ, बोटीवर नोकरीला. घरी येतात ती त्यांची पत्रं. भांडायला दोघींना एकमेकींशिवाय कुणी नाही, त्यामुळे जपून भांडतात.

त्या बुधवारी हुकूम निघाला की जुने झेंडे पंधरा दिवसांत जमा करा. कारखान्यातल्या माझ्या भावंडांना फाडून मशिनी पुसायची फडकी केली. सोळाव्या दिवसापासून झडत्या सुरू झाल्या. ज्याच्या घरात झेंडा सापडेल त्याला धरायचंच. पण कुणाच्या तरी डोक्यात ती टाक्यांची वही आली. शिवणारीलाही धरायचं! तिनेच लपवून दिला नसेल कशावरून?

पहिली गेली उंच बाई. वहिनींच्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिने नऊ वर्षांपूर्वी शिवलेला झेंडा कुठल्याशा न्हाव्याच्या माळ्यावर निघाला. न्हाव्याचं तोंडसुद्धा तिने पाहिलेलं नव्हतं. चार दिवसांनी परत आली. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारची ओवून देते, आणि कुणी काही विचारत नाही.

तेव्हा मला समजलं की मी नुसता लपलेला झेंडा नाही. माझ्या कोपऱ्यात वहिनींची सही आहे.

"वहिनी, देऊन टाकूया," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"काय ते तुम्हाला माहितीये."

"ते तुमच्या माणसाचं आहे. दुसरं काय राहिलंय तुमच्याकडे त्याचं? मोजे?"

"आणि टाका तुमचा आहे. उद्या तुम्हाला नेलं तर मी काय त्या बगळ्याशी भांडू?"

"बदक आहे ते," वहिनी म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांना विषय बंद करायचा असला की त्या माझा अपमान करतात.

त्यांनी मला ठेवलं इस्त्रीच्या टेबलात. खाली घोंगडी, वर मी, माझ्यावर पांढरं आवरण. "झडतीत लोक गाद्या उसवतात, पिठाचे डबे पालथे करतात. इस्त्रीचं टेबल कुणी उसवलंय?" त्यांचं म्हणणं. आता कारखान्याला नवे झेंडे इतके हवे होते की बायकांना घरी काम दिलेलं. म्हणजे वर नवा झेंडा, खाली मी, आणि दोघांवरून तीच इस्त्री. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो लहान आहे, त्याचा तरी काय दोष?

सुटीच्या दिवशी सकाळी तपासनीस आले. बूट पुसून आत आले, पाणी मागितलं. त्यांना सर्दी झालेली. अशा सभ्य माणसाची जास्त भीती वाटते. टेबलावरचा नवा झेंडा त्यांनी उचलून उजेडात धरला.

"ही चुणी राहिलीये. पुन्हा इस्त्री मारा. मी थांबतो."

वहिनींनी घाईघाईने पाण्यात हात बुडवला. शिंपडायचं पाणी सांडलंच म्हणा ना! वरून इस्त्री टेकली, फस्सकन वाफ निघाली, आणि मला दरदरून घाम फुटला. माणसाचा घाम दिसत नाही लवकर. माझा निळा आहे.

पांढऱ्या झेंड्यावर वाटीएवढा डाग उमटला.

"हे काय?" तपासनीस म्हणाले.

वहिनी पदराने डाग टिपायला लागल्या. आणि दारातून वन्संचा आवाज आला, टाइप केल्यासारखा खणखणीत. "नीळ! माझ्या हातून सांडली काल. वहिनींना ठाऊकच नाही. मी आवरण तसंच उलटं घातलं."

"डबी दाखवा."

वन्संनी मोरीतून निळीची डबी आणली. जवळजवळ रिकामी होती, देवाची कृपा. तपासनीसांनी तिचा वास घेतला. सर्दीत त्यांना कसला वास येणार! मग त्यांनी टेबलावर तळवा टेकला. नेमका माझ्या बगळ्यावर. दाबला.

"खाली काय आहे?"

"घोंगडी," वहिनी म्हणाल्या.

"साहेब, हात निळा होईल," वन्सं म्हणाल्या. "मग बाहीला लागेल. निळीचा डाग मेला जात नाही."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला. गणवेश नवा होता ना.

"राष्ट्रध्वज खराब करणं हा गुन्हा आहे, बाई."

"लिहा माझं नाव."

"उद्या अकराला चौकशीला या. आणि हे टेबल हलवू नका. त्याच वेळी माणूस पाठवतो बघायला." डागाळलेला झेंडा कागदात गुंडाळून ते निघून गेले.

वहिनींनी दाराला आतून कडी घातली. मग वन्संनी मला टेबलातून ओढून काढलं आणि कात्री घेतली. "हा कोपरा मी कापून टाकते."

"कापायचं नाही. उसवायचं," वहिनी म्हणाल्या. खाली बसल्या आणि स्वतःचा टाका स्वतः उसवला. पाच सरळ, सहावा उलटा, सगळे. दोऱ्याचे तुकडे चुलीत टाकले. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

आता घरात ठेवायची सोय नव्हती. वन्संचा हिवाळी कोट होता, जाड, त्याच्या अस्तरात मला घालायचं ठरलं. पण शिवणार कोण?

"मी दुसरा कुठलाही टाका घातला तरी तो त्या दहाजणींतल्या एकीचा निघेल," वहिनी म्हणाल्या. "आणि माझा घातला तर माझा."

"मग मी शिवते."

"तुम्ही? वन्सं, तुम्हाला बटण लावता येत नाही!"

"म्हणूनच."

सबंध दुपार वन्सं मला शिवत होत्या. बोटाला चारदा टोचलं, दोनदा कोट स्वतःच्या साडीलाच शिवला. वहिनी पाठ करून बसल्या होत्या, बघवेना त्यांना.

"कसं दिसतंय?"

वहिनींनी वळून पाहिलं. "मुंगी दारू प्यायली तर अशी चालेल." आणि मग त्यांनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या, मला अस्तरातून दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सरकारी कचेरीत होतो! तपासनीस म्हणाले, "कोट काढून बसा, इथे उकडतंय." वन्सं म्हणाल्या, "मला थंडी वाजतेय." त्या इतक्या थरथरत होत्या की साहेबांनी लगेच विश्वास ठेवला. शिपायाला खिडकी लावायला सांगितली.

घरी आलेल्या माणसाला घोंगडी मिळाली. तिच्यावर वहिनींनी उरलेली नीळ ओतून ठेवली होती. वन्संकडून माफीनामा टाइप करून घेतला आणि त्यांची बदली तळघरातल्या दफ्तरात झाली. तिथे ओल आहे. कोट लागतोच.

तेव्हापासून मी रोज कामावर जातो. चहावाला म्हणाला, "बाई, तब्येत सुधारली हं!" वन्सं नुसत्या हसल्या. रोज सकाळी अंगणात सगळे नव्या झेंड्यापुढे उभे राहतात, वन्संही. त्यांचं काळीज धडधडतं आणि मी त्याच्याबरोबर हलतो. इतकी वर्षं वाऱ्याने हललो, पण असं जवळून कुणी हलवलं नव्हतं.

घाबरतो अजून. पण पूर्वी वहिनींसाठी घाबरायचो, ते ओझं उतरलंय. आता सापडलो तर माझ्या अंगावरचा हा वेडावाकडा टाका कुठल्याच वहीत मिळणार नाही. सापडतील त्या फक्त वन्सं. त्यांनी ते स्वतः ठरवलंय, मला न विचारता.

एकच काळजी आहे. ऊन वाढत चाललंय. कालच कचेरीतल्या दोघीजणींनी कोट घरी ठेवले. तेव्हा माझं एवढं ऐका: भर उन्हाळ्यात कचेरीच्या अंगणात कोट घातलेली, घामाने डबडबलेली एखादी बाई तुम्हाला दिसली, तर तिला पाणी द्या, सावलीत जागा द्या, आणि पाया पडतो, 'उकडत नाही का?' एवढं विचारू नका.