खंड्याची मान

मंगळवारी सकाळी खंड्याची मान खाली वळली ती पुन्हा वर येईना. हनुवटी छातीला टेकलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि चालायला गेला की मागचे पाय एकमेकांत अडकायचे. शेवंतीने आधी त्याला हाक मारली, मग दटावलं. शेवटी फरशीवर बसून त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर उचललं. हात काढले की तोंड पुन्हा खाली.

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात त्यांचं घर. घरात शेवंती, तिचा नवरा महिपत, मुलगा संदेश आणि सहा वर्षांचा हा तपकिरी कुत्रा. पिल्लू असताना टोपलीतून उडालेला मासा तो जमिनीला लागायच्या आत झेलायचा, म्हणून मासे टिपणाऱ्या खंड्या पक्ष्याचं नाव त्याला पडलं. शेवंती चाळीस वर्षं मासळी विकत होती. बाजारातून परतताना ती खंड्याचा वाटा वेगळा बांधून आणायची आणि स्वतःच्या हाताने भरवायची. मंगळवारी त्याने त्या हाताचा नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

संदेशचं ऑफिस घोडबंदर रोडला. तिथल्याच एका मोठ्या प्राण्यांच्या दवाखान्यात तो खंड्याला उचलून घेऊन गेला. गोचिडतापाची रक्ततपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढला, कणा शाबूत होता. मेंदूत गाठ असू शकते, डॉक्टर म्हणाले. खात्री करायची तर भूल देऊन मोठी तपासणी करावी लागेल, आणि या अवस्थेत भूल झेपेल असं सांगता येत नाही.

शेजारपाजारचे लोकही आपापलं निदान घेऊन येत होते. पलीकडच्या विश्रामचं म्हणणं, कुणीतरी उंदराचं औषध घातलं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी पाठीत मार बसला. शेवंतीने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. महिपत खाटेवरून सगळं बघत होता.

"माजा गुडघा सुजला तवा तू मना नुसता बाम आनून दिलास," तो म्हणाला.

"तुजी जीब चालत व्हती नं? मंग कसली काळजी?"

गुरुवारी दुपारी खंड्याला झटका आला. चारही पाय ताठ, तोंडाला फेस. संदेशने दवाखान्यात फोन लावला. बोलणं संपल्यावर त्याने खंड्याच्या तोंडाचा फेस पुसला.

"काय बोलला डॉक्टर?"

"रविवारपर्यंत बघा म्हणाला, आये. हाल वाढले तर त्याला सोडवलेलं बरं."

"सोडवाचा म्हंजे?"

संदेश हळूच म्हणाला, "इंजेक्शन देतात. त्याला कळत पण नाही."

"मना कळंल नं!" शेवंती म्हणाली. "त्याला काय झालाय ता सांगा आधी. मरन कशानं येतंय ता तरी म्हायती पायजे."

शुक्रवारी संदेशने चार जणांना विचारलं, तेव्हा डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांचं नाव कळलं. डॉक्टर शौनक. एकटेच दवाखाना चालवतात, तपासायला वेळ घेतात, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणून सांगतात. शनिवारी सकाळी मित्राची गाडी मागून मायलेक निघाले. शेवंतीने निघताना पिशवीत स्टीलचा डबा टाकला. वाटेत खंड्याने खाल्लं तर खाल्लं.

दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर शौनक चाळिशीचे. त्यांनी आधीचे सगळे कागद वाचले, खंड्याच्या डोळ्यांत विजेरी मारली, पाय दुमडून बघितले. बाहुल्या उजेडानेही आकसत नव्हत्या.

"खातो काय?" त्यांनी विचारलं.

"मासे," संदेश म्हणाला. आधीच्या दवाखान्यातही त्याने हेच सांगितलं होतं आणि तिथे ते कागदावर लिहूनही घेतलं होतं.

डॉक्टरांनी मान हलवली, पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेवंतीने डबा उघडला आणि एक मांदेली खंड्याच्या नाकापुढे धरली. बोटाएवढी, सोनेरी, सकाळच्या बर्फातली.

"घे रं माज्या राजा. एकच घे."

डॉक्टर त्या मासळीकडे बघत राहिले.

"ही कच्ची आहे."

"मंग? कुत्र्याला तळून कोन घालतो?"

"रोज कच्चीच? बरोबर भात, भाकरी, चिकन?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. पूर्वी खंड्या सगळं खायचा. चार महिन्यांपूर्वी त्याचं अंग खाजायला लागलं. धान्याने खाज वाढते असं संदेशने कुठेतरी वाचलं आणि भात-भाकरी बंद केली. चिकन गरम पडतं म्हणून शेवंतीने तेही बंद केलं. उरली मासळी, आणि मासळीची घरात काय कमी? शिजवली की तिचा कस जातो, हे शेवंतीचं पक्कं मत. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मांदेली. ताजी, निवडलेली, गिऱ्हाइकाला देण्याआधी बाजूला काढलेली.

डॉक्टर उठले, कपाटातून एक जाड पुस्तक काढून उभ्या उभ्याच वाचू लागले. मिनिटभराने त्यांनी ते मिटलं.

"काही माशांमध्ये एक पदार्थ असतो," ते म्हणाले. "अंगातलं बी-वन नावाचं जीवनसत्त्व तो मोडून टाकतो. शिजवला की तो पदार्थ मरतो, कच्च्यात जिवंत राहतो. बी-वन संपलं की मेंदू उपाशी पडतो. मी हे कॉलेजात वाचलं होतं, अर्धं पान. प्रत्यक्षात कधी पाहिलं नाही. माझा अंदाज चुकूही शकतो. पण इंजेक्शनने नुकसान काही होणार नाही."

औषध पाण्यासारखं, सुईच्या नळीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं. अकरा वाजून वीस मिनिटांनी ते टोचलं.

"एवढासाच?" शेवंतीने विचारलं.

"एवढंच."

घरी जाणार नाही म्हणत ती बाकावर बसून राहिली. संदेशने आणलेला वडापाव तिने हातात धरला आणि तसाच ठेवून दिला. दोन वाजता डॉक्टरांनी पुन्हा विजेरी मारली. पुन्हा मारली. मग तिला बोलावलं.

"हे बघा."

उजेड पडला आणि खंड्याच्या डोळ्यातलं काळं वर्तुळ आकसलं. उजेड काढला, ते मोठं झालं. शेवंतीने ते तीनदा करून दाखवायला लावलं. एवढी वर्षं मासळीचे डोळे बघून ताजी-शिळी ओळखणारी ती, जिवंत डोळा असा उजेडाला ओ देतो हे तिने कधी निरखलं नव्हतं.

साडेचारला खंड्याने मान उचलली.

कुणी हाक मारली नव्हती, कुणी हात लावला नव्हता. टेबलाखाली अंथरलेल्या गोणपाटावर तो पडला होता. आधी कान हलले. मग चार दिवस छातीला टेकलेलं ते डोकं थरथरत, इंच इंच करत वर आलं आणि तिथे थांबलं. त्याने खोलीकडे बघितलं, नुकतंच कुठूनतरी येऊन पोचल्यासारखं. पुढचे पाय रोवले, मागचे गोळा केले, उभा राहिला. पडला. पुन्हा उभा राहिला.

दाराशी पोपटाचा पिंजरा घेऊन आलेली एक बाई होती, तीही बोलायची थांबली. डॉक्टरांच्या हातातली विजेरी अजून पेटलेलीच होती. संदेश भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. खंड्या वाकड्यातिकड्या पावलांनी शेवंतीपर्यंत आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून दम खात राहिला.

शेवंतीने त्याच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली शीर उडत होती.

"म्हंजे मीच त्याला मारीत व्हती," ती म्हणाली. "माज्याच हातानी."

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. "आणि तुम्ही तो डबा आणला नसता, तर मी पण याला गाठच म्हटलं असतं."

ती डब्यातल्या मांदेल्यांकडे बघू लागली. चालायला लागली तेव्हापासून ही मासळी तिच्या हातात होती. खवले, काटे, गाभोळी, कुठल्या भरतीला कुठे मिळते, सगळं तिला पाठ. आणि त्याच मासळीच्या आत एवढी मोठी गोष्ट दडलेली होती, जी चाळीस वर्षांत तिला दिसली नव्हती. एका चिमुकल्या माशात मेंदू विझवायची ताकद, आणि थेंबभर पाण्यात तो पुन्हा पेटवायची. तिला भीती वाटली नाही. एकवीरेच्या पायऱ्या चढून गेल्यावर गाभाऱ्यापुढे व्हायचं तसं झालं. हात आपसूक जोडले गेले.

फोन वाजला. पलीकडे महिपत होता.

"काय गो? काय झाला? बोल नं! गेला काय?"

शेवंतीला तीनदा सुरुवात करूनही सांगता येईना. पलीकडे महिपतचा श्वास जोरात ऐकू येत होता.

"उबा हाय," ती शेवटी म्हणाली. "कुकर लाव. भात टाक त्याचा."

"आनि मासली?"

"ती बी शिजव."

"मी शिजवू? गुडघा..."

"जीब चालते नं तुजी," ती म्हणाली. "मंग हात बी चालव."