जरबेऱ्याला भर

तिसऱ्या कुंडीतल्या मातीची पातळी सव्वा सेंटिमीटरने वर आली होती. प्रज्ञाने स्टीलची पट्टी उभी धरून पुन्हा मोजले. सव्वाच. जरबेऱ्याचा गाभा, म्हणजे जिथून पाने आणि कळ्या फुटतात तो बोटभर भाग, पुरता मातीखाली गेला होता. पाने अजून हिरवी होती, पण सकाळी सातलाच माना टाकून बसली होती.

तिने पानांचा झुबका हलकेच ओढला. मुळे मातीतच राहिली आणि झुबका हातात आला. बूड तपकिरी, लिबलिबीत.

"गयं का हाई बी?" स्वयंपाकघराच्या दारातून द्रौपदाबाईंनी विचारले.

"ऊन लागलं, आई."

आधीच्या दोन झाडांच्या वेळीही ती हेच म्हणाली होती. जळगावात एप्रिल महिन्यात उन्हावर काहीही ढकलता येते. खरे तर कुंड्या पूर्वेच्या खिडकीत होत्या आणि कामावर निघण्यापूर्वी ती त्या रोज आत ओढून ठेवत असे.

द्रौपदाबाईंनी भडगावला तीस वर्षे लोकांच्या केळीत मजुरी केली होती. बुंध्याला मातीची भर दिली नाही तर केळ वाऱ्याने आडवी होते, हे त्यांच्या हातांना पाठ होते. त्याच हातांनी त्यांनी प्रज्ञाला एमएस्सी केले होते. झाडाचे बूड उघडे दिसले की त्यांना राहवत नसे. प्रज्ञा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली की दुपारी त्या भर घालत. संध्याकाळी त्या टीव्हीसमोर बसल्या की प्रज्ञा चमच्याने ती काढून टाकी. आठ महिने हेच चालले होते आणि त्यावर दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत नमुन्यांची रास लागली, घरी यायला उशीर झाला आणि पाच दिवस माती काढायची राहिली; तेव्हापासून एकामागून एक झाडे जाऊ लागली.

फोन वाजला. ती खिडकीशी गेली.

"उद्या अकरा वाजता," हितेंद्र म्हणाला. साक्रीजवळ त्याचे पॉलीहाऊस होते. मातीचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत आला होता आणि पुढच्या खेपेला जरबेऱ्याची ही सहा रोपे देऊन गेला होता. बायको जाऊन त्याला चार वर्षे झाली होती. "धुळ्याला, विवाह नोंदणीच्या कार्यालयात. नोटीस दिल्यावर तीस दिवसांनी लग्न. ये, नाहीतर नाही म्हण. पण या वेळी काहीतरी म्हण, प्रज्ञा."

"बघते."

"हे तू गणपतीतही म्हणाली होतीस."

तिने फोन ठेवला, पट्टी पुसली, पुन्हा पुसली. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला न बोलण्याची कारणे नीट मांडता येतात. आई एकटी पडेल. जात वेगळी, नातेवाईक बोलतील. नोकरी इथे आहे. एकेक कारण तिने मनात तपासून पाहिले होते आणि एकही पुरेसे भरले नव्हते. तरी आठ महिने गेले.

"कोना फोन व्हता?"

"ऑफिसचा."

"रविवारना?" द्रौपदाबाई हसल्या. "भलतं कामसू शे तुन्हं ऑफिस."

प्रज्ञाने कुंड्यांची जागा बदलली, परत होती तिथेच ठेवली. एक फूल उमलून जुने झाले होते. देठ बुडाशी धरून, पिळून तिने ते उपटले. कापले तर खुंट सडतो.

तेवढ्यात द्रौपदाबाई जवळ येऊन बसल्या. मेलेल्या झाडाच्या कुंडीतून त्यांनी मूठभर माती घेतली आणि चौथ्या कुंडीवर हात नेला.

"देख, कसं उघडं पडेल शे बिचारं."

एरवी प्रज्ञा उठून आत गेली असती. चमचा संध्याकाळी होताच.

"आई, थांब. भर नको."

मूठ हवेत राहिली.

"त्यानेच मेली ती तिन्ही. उन्हाने नाही. याचा गाभा उघडाच लागतो. मी रोज तुझ्यामागे माती काढत होते."

द्रौपदाबाईंनी मुठीकडे पाहिले, मग खिडकीतल्या तीन रिकाम्या कुंड्यांकडे. त्यांचा चेहरा आधी दुखावला, मग तापला.

"आठ महिना! मन्हाच हातखाल मरी ऱ्हायनात आनि तू ऊन ऊन करी ऱ्हायनी? माले काय समजतं नही का, सांगं असतं तं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आते गोड वाटी ऱ्हायनं का?" त्यांनी माती रिकाम्या कुंडीत टाकली, हात मात्र झटकले नाहीत. त्या लेकीकडे वळल्या. "आनखी काय काय दपाडेल-लपाडेल शे मन्हापासून?"

प्रज्ञाच्या हातात उपटलेले फूल होते. तिने ते पट्टीशेजारी सरळ ठेवले.

"ही रोपं ज्याने दिली, त्या हितेंद्रशी मी लग्न करणार आहे, आई. उद्या नोटीस द्यायला धुळ्याला जाते."