नळीत बसलेले शिसे

"डोळा लाव. नीट लाव. दिसतंय का?"

आर्डिसने रिव्हॉल्वरचे चक्र उघडले, ते रिकामे असल्याचे मला दाखवले आणि नळी माझ्या नाकासमोर धरली. पलीकडच्या टोकाला तिने टॉर्च लावला होता. नळीच्या आतले पीळ आरशासारखे चमकायला हवेत. तिथे करडे ओरखडे दिसत होते, पातेल्याच्या बुडाला दूध लागावे तसे.

"शिसं आहे," मी म्हणाले.

"ते मलाही दिसतंय, ट्वायला! का आहे ते सांग."

मला काय कपाळ कळणार? डकोटाच्या या माळावर मी पस्तीस वर्षे घरोघरी टपाल टाकले, आणि आता आमच्या नेमबाजी क्लबात गुण लिहिते. आकडे मांडण्यापलीकडे मला त्यातले काही कळत नाही. पण आर्डिसला उत्तर हवे होते, आणि तेही उभ्या उभ्या. तिने मला कॉफी ओतली, पिऊ दिली नाही, कप उचलून परत ठेवला आणि शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागली. मंगळवारची सकाळ होती. शनिवारी सामना होता.

या शेडमध्ये तिचा नवरा ऑरिन शिसे वितळवायचा. साच्यात गोळ्या ओतायच्या, त्यांना लाल पावडर चोळायची आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायच्या, म्हणजे वर कडक कवच बसते आणि शिसे नळीला चिकटत नाही. निदान चिकटू नये, अशी अपेक्षा असते. ऑरिन ओतायचा आणि आर्डिस मारायची, असा त्यांचा संसार. त्याला स्वतःला नेमबाजीची फारशी हौस नव्हती. सामन्यात तो माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचा आणि तिने तबकडी पाडली की माझ्या कानात ओरडायचा. जानेवारीत तो गेला. त्याने भरून ठेवलेली काडतुसे आधीच्याच शरदात संपली होती, म्हणून एप्रिलपासून आर्डिस त्याची वही उघडून, त्यातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून स्वतः गोळ्या करत होती. आणि पन्नास मारल्या की नळीत शिसे.

खरे दुखणे रविवारचे होते. ऑरिनचा धाकटा भाऊ मर्ल आला होता. मनाने वाईट नाही, पण दुसऱ्याचे भले करायची त्याला फार घाई असते.

"वहीत आहे तसंच करतेस ना? मग तुझ्या हाताला जमत नाहीये, एवढं सरळ आहे," तो म्हणाला. "दुकानात तांब्याच्या कवचाच्या तयार गोळ्या मिळतात. कशाला या वयात धूर खातेस? सामान मी नेतो, माझ्याकडे तरी वापरात राहील."

आर्डिसची जीभ कधीकधी तिच्या पुढे धावते. ती म्हणाली, "शनिवारी सामना संपल्यावर माझ्या नळीत डोळा लाव. शिसं दिसलं तर रविवारी ट्रक आण आणि टेबल, साचे, ओव्हन, सगळं उचल. जा."

मर्ल गेल्यावर तिला कळले, आपण काय बोलून बसलो. ऑरिनचे कपडे चर्चच्या बायकांनी केव्हाच नेले होते. घरात त्याचे म्हणून काही उरले नव्हते. जो काही उरला होता तो या शेडमध्ये, आणि ते शेड तिने रागाच्या भरात पणाला लावले होते.

आता ती सुचेल ते तपासत सुटली. सुचेल ते म्हणजे वेड्यासारखे नव्हे. एकतीस वर्षे तिने शाळेच्या भटारखान्यात दोनशे पोरांचे जेवण केले आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तिथला नियम तिच्या हाडात मुरला आहे. आधी ओव्हन. तिने आत स्वतःचा तापमापक ठेवला, तर बाहेरच्या आकड्यापेक्षा आत पंचवीस अंश कमी.

"सगळे ओव्हन खोटारडे," ती म्हणाली आणि आच वाढवून नव्या गोळ्या भाजल्या. एक गोळी हातोडीने चेपून पाहिली, कवच तडकले नाही. उग्र वासाच्या द्रावणात फडके बुडवून दुसरी घासली, रंग सुटला नाही. मग अकरा मैलांवरच्या मैदानात जाऊन पन्नास मारल्या. नळीत शिसे तसेच.

बुधवारी जाडी मोजायचा मायक्रोमीटर. शंभर गोळ्या मोजल्या, सगळ्या वहीतल्या मापाच्या, केसाचा फरक नाही. पुन्हा अकरा मैल, पुन्हा शिसे. मग काडतुसातली दारू थोडी कमी करून पाहिली. तरी शिसे. प्रत्येक खेपेला घरी येऊन नळी घासायची, त्याने तिच्या तळहाताला फोड आले. रात्रभर तिला झोप नव्हती, आणि मला फोन करून माझीही तिने घालवली.

गुरुवारी नळी घासायची घासणी संपली. ब्रशला तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळले की शिसे निघते, एवढे सगळ्यांनाच माहीत असते. आम्ही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या एल्डनने तिने तोंड उघडायच्या आत खालून तांब्याच्या घासण्यांचे एक खोके काढले.

"ऑरिनचं ठेवलंय बाजूला. डझनभर आहेत. कुणी नेईल की नाही, विचार करत होतो."

"ऑरिनचं?"

"दर महिन्याला न्यायचा ना. मी एकदा चेष्टा केली, अरे, आर्डिस भांडी फार करपवते का रे? तर म्हणाला, तिला सांगू नकोस."

आर्डिसच्या घरात तांब्याची घासणी कधीच नव्हती. तिचे तवे बिडाचे, त्यांना ती तांबे लावू देत नाही. खोके काखेत मारून ती माझ्या गाडीत येऊन बसली आणि मी किल्ली फिरवणार तोच तिने माझा हात धरला.

"शिसं बसायचंच," ती म्हणाली. "आधीपासून. दहा वर्षं, लाल गोळ्या सुरू केल्या तेव्हापासून. आणि हा बाबा गुपचूप घासत बसायचा."

"तसं दिसतंय खरं."

"म्हणूनच शेवटच्या फेरीत, शिसं साचलं की माझा नेम जायचा! तू लिहिलंयस ना स्वतःच्या हाताने? मला वाटायचं, म्हातारी झाले, हात थकतो. आणि हा म्हणायचा, छान मारलंस. गधडा! मला सांगितलं असतं तर?" ती रडायला लागली, आणि रडता रडता डॅशबोर्डवर गुद्दे मारायला लागली. गाडी माझी होती, पण मी तिला मारू दिले. जानेवारीपासून मी तिला रडताना पाहिले नव्हते.

घर येईतो तिने डोळे पुसले होते.

"म्हणजे मी चुकत नाहीये," ती म्हणाली. "वही चुकतेय. आणि मी तिला बायबलसारखी धरून बसलेय."

शुक्रवारी पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. "ऑरिन कुठे बघायचा नाही?" तिने विचारले. मी अजून अंथरुणात होते. "गोळी काडतुसात बसवायच्या आधी तो दहादा मोजायचा. बसवल्यावर? एकदाही नाही. केक झाला का बघायला मी मधोमध सुरी खुपसते, आणि इथे एप्रिलपासून एक काडतूस उघडून पाहिलं नाही. ये लवकर."

मी पोचेपर्यंत तिने पाच भरलेल्या काडतुसांतून गोळ्या ओढून काढल्या होत्या. मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन म्हणाली, "मोज. माझा माझ्यावर विश्वास नाही." आत जाताना होती त्यापेक्षा प्रत्येक गोळी बारीक झाली होती. फरक केसाहून कमी, पण पाचहीत सारखाच. आणि कडेला लाल कवच सोलले गेले होते. काडतुसाचे तोंडच अरुंद होते. तोंड रुंद करायची लोखंडी खुंटी कडक तांब्याच्या गोळ्यांसाठी केलेली. मऊ शिशाची गोळी त्या तोंडातून दाबली की घट्ट बुटात पाय कोंबावा तशी आवळली जायची. मग नळीत ती सैल पडणार, कडेने गरम वायू निसटणार आणि शिसे वितळून पिळांना चिकटणार.

"जाडी खुंटी हवी," मी म्हणाले. "कुठून आणणार? सामना उद्या आहे."

आर्डिसने तोंड वाकडे केले. आम्हा दोघींना माहीत होते की गावात लोखंड कातायचा लेथ एकाच माणसाकडे आहे.

मर्ल गॅरेजमध्येच होता. तिने खुंटी आणि कागदावर लिहिलेले माप त्याच्या पुढ्यात ठेवले आणि सगळे सांगितले, घासण्यांसकट. घासण्यांचे ऐकून त्याने टोपी काढली आणि उगाच डोके खाजवत राहिला.

"हे मी करून दिलं," तो म्हणाला, "तर रविवारी माझा ट्रक रिकामाच जाणार ना?"

"हो."

"मग मला का सांगतेस?"

"दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून."

त्याने लेथ सुरू केला. वीस मिनिटांनी खुंटी तिच्या हातावर ठेवत म्हणाला, "गरम आहे, जपून."

शनिवारी वारा इतका होता की माझे कागद मला मांडीखाली धरावे लागले. माझ्या मागची जागा रिकामी होती. कुणी तिथे खुर्ची टाकली नाही, कुणी तसे ठरवलेही नव्हते. आर्डिसने साठ गोळ्या मारल्या. शेवटच्या फेरीत सहा तबकड्या होत्या. तिने सहाही पाडल्या, आणि मी सहाचा आकडा लिहिताना पेन्सिलीचे टोक मोडले.

मर्ल आला. तिने चक्र उघडून रिकामे दाखवले आणि नळी त्याच्याकडे धरली. तो बराच वेळ आत पाहत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "आरसा आहे." मग नळी परत देत, "ऑरिनला नाही जमलं हे."

"दहा वर्षं नुसता घासत बसला. त्याला जमवायचं तरी होतं की नाही, कुणास ठाऊक," आर्डिस म्हणाली.

मी तिच्याबरोबर घरी गेले. तिने ओव्हनमध्ये हॉटडिश ठेवले, खिमा, वर बटाट्याच्या गोळ्या आणि चीज. मग शेडमध्ये जाऊन नळीतून कापडाचा एक तुकडा ओढला. तो थोडा काळा झाला, दुसरा पांढराच निघाला. दोन मिनिटांत काम संपले. बाकीचे तुकडे हातात धरून ती उभी राहिली.

"शनिवारी तो तासभर इथे नळी घासत बसायचा," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून हाका मारायचे. जेवण गार होतंय, जेवण गार होतंय. दर शनिवारी भांडण. एकदा तर त्याच्यासमोर त्याचं ताट उचलून कुत्र्याला घातलं मी, ट्वायला. त्याने हात धुतले आणि ब्रेड खाल्ला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला.

सहा वाजता तिने हॉटडिश टेबलावर आणले. वाफा येत होत्या. तिने दोन ताटे मांडली आणि वाढायचा चमचा तसाच हातात धरून बसली.

"तुला भूक असेल तर घे तू," ती म्हणाली.

"मला घाई नाही."

आम्ही बसून राहिलो. वाफा कमी झाल्या, मग थांबल्या, वरचे चीज घट्ट झाले. सात वाजले तेव्हा तिने माझ्या ताटात वाढले, स्वतःच्या ताटात वाढून घेतले, आणि आम्ही ते गारच खाल्ले.