पोटातली रेघ

मी एक टोप बोलतोय. अ‍ॅल्युमिनियमचा, कडेला पोचे आलेला, पण बूड अजून शाबूत. भंगारातल्या इंजिनाचे तुकडे वितळवून एका लोहाराने मला घडवलं आणि लुझोलोच्या संसारात मी आलो. तेव्हापासून क्वांगो नदीकाठच्या या गावात कसाव्याचं पीठ वाहतोय.

आमचा कसावा कडू. सोललेली मुळं तीन रात्री नदीत भिजली की त्यातलं विष निघून जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण राजधानीहून व्यापाऱ्याचा ट्रक आला की बायांना धीर कुठला! एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मुळं एका रात्रीतच बाहेर काढली. बरीच विकली, उरलेली दळून घरी ठेवली. मासा नाही, शेंगदाणा नाही. दोन्ही वेळा नुसता लुकू, म्हणजे त्याच पिठाचा शिजवलेला गोळा.

एका सकाळी लुझोलोचा मुलगा माकांगा अंथरुणातून उठायला गेला, तर पाय लाकडासारखे ताठ. पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून तो आधी हसला. मग आईला हाका मारू लागला. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी शाप.

पुढे डॉक्टर एयेंगा आली. या रोगावर संशोधन करणारी. तिने घरोघरचं पीठ तपासायला घेतलं आणि पोरांच्या लघवीसाठी बाटल्या वाटल्या.

"अगं बाई! आमच्या पोरांचं मूत राजधानीला निघालं!" लुझोलोची सासू म्हणाली.

"जाऊ दे की आजी, तेवढीच त्याला शहराची हवा!" डॉक्टरही कमी नव्हती.

पिठात विष सापडलं. मग डॉक्टरने मला मांडीवर घेतलं, पीठ भरलं आणि पिठाच्या पातळीवर माझ्या पोटात सुरीने रेघ ओढली. पाणी घालून कालवल्यावर पीठ आधी खाली बसलं. ते पुन्हा रेघेला टेकेपर्यंत तिने पाणी घातलं. "आता चटईवर पातळ पसरा. दोन तास उन्हात. विष हवेत उडून जाईल."

"ओलं पीठ उघड्यावर? मग कोंबड्यांनाच जेवायला बोलाव!" सासू कडाडली.

लुझोलोने मात्र एकच विचारलं, "याने माझ्या माकांगाचे पाय परत येतील?"

गोड खोटं बोलणं किती सोपं होतं. डॉक्टर म्हणाली, "नाही, ताई. ते आता जन्माचं. पण तुझ्या धाकटीचे, तुसेवोचे पाय आपल्या हातात आहेत."

लुझोलोने ओलं पीठ चटईवर पातळ पसरलं. मग तिने धाकट्या तुसेवोला हाक मारली, "ये गं, कोंबड्या हाकल."

त्या पिठाचा लुकू सासूने आधी नुसता जिभेला लावला. मग आणखी एक गोळा मागून घेतला. "कडू नाही लागत," एवढंच पुटपुटली.

डॉक्टर दर उन्हाळ्यात येत राहिली, चुलीपाशी बसून तोच लुकू खात राहिली. बाटल्यांतलं विष उतरत गेलं. गावात पुन्हा कुणाचे पाय गेले नाहीत. मला त्या बाईचा फार अभिमान वाटतो.

आज तुसेवो सासरी निघाली आहे, मला डोक्यावर घेऊन. बायांनो, नवा चकचकीत टोप घ्याल तेव्हा त्यातही रेघ ओढून घ्या, एवढंच माझं मागणं.

वळणावर ती थबकली. मागे माकांगा काठ्यांवर रेलून उभा आहे. तिचे डोळे भरून आले, पाऊल काही उचलेना.

"रडतेस काय वेडे!" तो ओरडला. "पाय आहेत ना तुला? मग पळ की!"

आणि ती मला दोन्ही हातांनी घट्ट धरून पळत सुटली.