मीठ चवीपुरतं

आचाऱ्याने चमच्याने आणखी एक गांडूळ भिंतीवरून अलगद उतरवलं आणि ओल्या फडक्यात ठेवलं. बाल्कनीच्या कठड्यावर, पाण्याच्या पाइपावर, अगदी त्याच्या चपलेतसुद्धा गांडुळं निघाली होती. जो तो खताच्या बादलीपासून दूर पळत होता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्याने उभी हयात पोरांना जेवू घालण्यात काढली होती, पण त्याच्या हातचं चाखून पंगतच्या पंगत अशी उठून पळालेली त्याने पाहिली नव्हती.

गेल्या रविवारी लेकीने हा संसार मांडला होता. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या. एकीच्या बुडाला तापल्या सळईने भोकं पाडून तिने ती दुसरीत बसवली, म्हणजे जादा पाणी खालच्या बादलीत झिरपेल. वरच्या बादलीत भिजवून पिळलेले वर्तमानपत्राचे कपटे, सुका पाला, मूठभर माती. खर्च म्हणाल तर हातचा घाम तेवढा. ज्या सार्वजनिक बागेच्या तिकीटखिडकीवर ती बसायची, तिथल्या माळ्याने डबाभर गांडुळं दिल्याचं तिने सांगितलं होतं. त्यांचं खत बाल्कनीतल्या टोमॅटोला आणि मिरच्यांना घालायचं होतं.

भोकं पाडताना लेक गुणगुणत होती. तिची आई गेल्यापासून त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. आचाऱ्याला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की या पाहुण्यांना काही म्हणून कमी पडू द्यायचं नाही असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

माशी शिंकली ती तिथेच. निवृत्त झाल्यापासून त्याचे हात नुसते शिवशिवत असायचे, आणि लेकीचं जेवण चिमणीएवढं. ती सांगून गेली होती, भाज्यांची सालं टाका, चहाचा चोथा टाका. पण घरी राहायला आलेल्यांपुढे कच्ची सालं टाकायची? त्याच्या अगदी जिवावर आलं. त्याने सालं बारीक चिरली, तेलावर परतली, मऊ शिजवली, निववली आणि मगच वाढली. दोन्ही वेळा, न चुकता.

दार वाजलं तसं आचाऱ्याचं धाबं दणाणलं. आज बाग अर्धाच दिवस उघडी होती, हे तो साफ विसरला होता. फडकं त्याने पाठीमागे लपवलं खरं, पण एक गांडूळ त्याच्या मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. ते कुठे लपवणार?

“बाबा, काय घातलंत तुम्ही यांना?”

“सालंच. तू सांगितलीस तीच.”

लेकीने झाकण उचलून वास घेतला.

“परतलीत?”

“जराशी.”

“मीठ?”

“चवीपुरतं.”

“तिखट?”

आचारी मिरचीच्या रोपाकडे बघत राहिला.

लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. ती आता रडणार असं त्याला वाटलं.

“चुकलं गं माझं. तू एवढ्या हौसेनं केलंस आणि मी सगळ्याची वाट लावली.”

“असू दे हो बाबा.”

तिने एका रिकाम्या कुंडीत ओली माती आणि कागद भरले, गांडुळं वरून अलगद सोडली आणि गोणपाटाचा तुकडा पांघरला. भाजी निवडायला बसावं इतक्या सहज तिने हे केलं. मग हात धुता धुता म्हणाली, “मला काही यातलं कळत नाही. माळ्यालाच बोलवावं लागेल.”

“येतील का ते?”

“विचारून बघते,” ती म्हणाली आणि फोन घेऊन लगबगीने आत गेली.

रविवारपर्यंत आचाऱ्याला घास गोड लागला नाही. येता-जाता तो गोणपाट उचलून बघे आणि आतलं कुणी हललं की तेवढ्यापुरता निश्चिंत होई.

माळी आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. गांडुळांची बादली उपसायला हा काय पोशाख, असं आचाऱ्याच्या मनात आलं, पण मदतीला आलेल्या माणसाला काय बोलायचं? माळ्याने आणि लेकीने मिळून बादली धुतली, नवे कपटे भरले. त्याने काही मागायच्या आत ती ते पुढे करत होती.

“यांची कातडी नाजूक असते, काका. मीठ झोंबतं,” माळी म्हणाला. “पण बहुतेक सगळी शाबूत आहेत.”

आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने माळ्याला हाताला धरून जेवायलाच बसवलं.

माळ्याने भात दोनदा घेतला. तिसऱ्यांदा त्याने जरा संकोचून विचारलं, “अजून थोडी भाजी आहे का?”

आचारी भरून पावला. पातेलंच्या पातेलं त्याच्यापुढे ठेवत तो म्हणाला, “गांडुळांचं एवढं कुठे शिकलात हो?”

“मी कुठला शिकतोय! मला तर बघूनच किळस यायची.” माळ्याचं सगळं लक्ष भाजीत होतं. “यांनीच शिकवलं की. तिकीटखिडकीमागच्या खोलीत यांच्या तीन बादल्या चालू आहेत, वर्ष होऊन गेलं. ही गांडुळंही यांच्याच बादलीतली. मी आपला डबा धरून उभा होतो.”

लेक पाणी आणायला म्हणून झटकन उठली. टेबलावरचा जग काठोकाठ भरलेला होता.

आचारी वाढायचा डाव हातात धरून तसाच उभा राहिला. लेक पाठमोरी होती, पण तिचे कान लालबुंद झालेले त्याला दिसले. आपण काय बोलून गेलो ते माळ्याच्या आत्ता कुठे ध्यानात आलं, आणि तो खाली मान घालून भात कालवू लागला. आचाऱ्याला इतका आनंद झाला, की तो लपवायला त्याला भाजीत डाव फिरवत राहावं लागलं.

निघताना माळी दारात घुटमळला.

“आता काळजी नको, काका. बादली आपली आपण चालेल. मी यायची काही गरज नाही.” हे बोलता बोलता त्याचाच चेहरा पडला.

“असं कसं?” आचारी म्हणाला. “माझा काय भरवसा? उद्याच मी त्यांना पुन्हा काहीतरी रांधून घालेन. पुढच्या रविवारी येऊन बघून जा. जेवायलाच या.”

आत स्वयंपाकघरात काहीतरी हातातून निसटून खणकन पडलं.

“आणि त्याच्या पुढच्याही,” आचारी म्हणाला.