बिबटीण मेल्यावर

बिबटीणीनं अर्धी खाल्लेली शेळी ओढ्याकाठी पडली होती, आन् तोंडाला दस्ती बांधून रामलिंग तिच्या पोटात इखाचे दाणे कोंबून राहिला होता.

"आरं ए! शेळी माझी हाय. तुला कुनी सांगितलं ह्ये?" हाजराबी बांधावरनंच वरडली.

"चाची, बाजूला व्हा. आज शेळी नेली, उद्या लेकरू नेईल."

"दोन सालं झाली तिला येऊन. कुनाच्या लेकराला हात लावला का? तिच्या भ्यानं रानडुकरं पळाली. तुझा भुईमूग घरात कुनामुळं आला रं?"

"डुकरं आपसूक गेली," म्हणून रामलिंगनं हात मातीला पुसले.

ते खोटं होतं. जळकोटच्या त्या माळावर बिबटीण येण्याआधी हाजराबीनं सहा वर्षं डुकरं हाकायला रातभर मचाणावर बसून डबा बडवला होता. नवरा गेल्यावर तर एकटीनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव ओढ्याला लोटलं. बिबटीण आडवी पडली होती. तोंडाला फेस, फेसावर माशा, आन् सड दुधानं तटतटलेले. पिल्लं कुठं होती कोनाला ठाव? रविकांत दुकानदार तिच्या डोक्यावर पाय ठेवून फोटो काढून घेत होता. दोघं ताईतासाठी मिशा उपटत होते. बाजूला दोन कोल्हे, एक घार आन् रामलिंगचंच कुत्रं मरून पडलं होतं. पोरं हसत होती. हाजराबीला तिथंच उलटी झाली.

वनरक्षक धम्मप्रिया आली. एकेकाला विचारलं. कुनी काही पायलं नव्हतं. हाजराबी बी गप बसली. एकट्या बाईला ह्याच गावात दिवस काढायचे होते. घरी आल्यावर तिनं तीनदा हात धुतले, तरी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेववेना. रामलिंगपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली.

पोळा झाला आन् डुकरं परतली. एकेका मादीमागं सात-आठ पिल्लं. नांगर फिरावा तसं त्यांनी भुईमुगाचं रान उकरलं. हाजराबीचं निम्मं गेलं, रामलिंगचं तर समदंच. मग त्यानंच डुकरं मारायच्या परवानगीचा अर्ज केला, आन् पंचनाम्याला धम्मप्रिया पुन्हा आली.

"म्याडम, जंगलखातं झोपलं का?" रामलिंग तिच्यावर तणतणला. "किती वाढली डुकरं!"

"बिबटीण पिल्लं उचलायची, कळपाला एका जागी टिकू देत नव्हती," धम्मप्रिया म्हणाली. "आता त्यांना खानारं कोन उरलं? दहा माराल, पुढल्या साली वीस येतील."

रामलिंगनं मान हलवली. "लई वाईट झालं बघा. मुकं जनावर. कोन्या पाप्यानं मारलं, देवच जाणे!"

हाजराबी पचकन थुंकली.

"लिही बाई," ती म्हणाली. "माझ्या शेळीत इख ह्यानं घातलं. म्या ह्या डोळ्यानं पायलं. आन् चार म्हैने तोंड दाबून बसले, ते बी लिही."

पंचनाम्याला जमलेली मानसं एकेक करून मागं सरली. धम्मप्रियानं नवा कागद घेतला. हाजराबीनं त्यावर सावकाश उर्दूत सही केली, पदर खोचला आन् उरलासुरला भुईमूग उपटायला निघाली. मागून कुनीतरी शिवी हासडली. तिनं वळून बघितलं न्हाई.